सावळी, पण नाकीडोळी नीटस

शाळेच्या वार्षिकाचा मराठी विभाग पाहण्याचे काम आमच्याकडे आल्यास आता बरीच वर्षे लोटली. या कामात चुका होतात, आणि त्या शोधून काढणारे दक्ष वाचकही आम्हांस लाभले आहेत. कोणाच्या आडनावातील वेलांटी चुकली, कोणा पालकांच्या देणगीतील एक शून्य गळाले, आणि एकदा तर 'गुणी विद्यार्थी' याऐवजी 'ऋणी विद्यार्थी' असे छापले गेले. या सर्वांची कबुली आम्ही वेळोवेळी दिली आहे. परंतु गेल्या वर्षी जी चूक झाली ती अक्षराची नव्हती, आणि ती दाखवावयास ज्या बाई आल्या त्यांस अक्षरओळखही नव्हती.

अंकाचे वाटप होऊन चार-सहा दिवस झाले असतील. मधल्या सुट्टीत बोपोडीहून एक आजीबाई आमची चौकशी करीत आल्या. डोक्यावरून पदर, कपाळावर व हनुवटीवर गोंदणाचे हिरवे ठिपके, आणि हातात जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेला आमचा अंक. नात शर्यतीत पहिली आली, तिचा फोटो पुस्तकात छापून आला, एवढे त्यांस कळले होते. अंक उघडून त्यांनी आमच्यापुढे धरला आणि विचारले, "सर, ह्यात आमची पोर कोणती?"

आम्ही चित्रावर बोट ठेवले. आजीबाईंनी अंक डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, पुन्हा जवळ नेला. नंतर, जणू दोष त्यांच्याच दृष्टीचा असावा अशा सौजन्याने त्या म्हणाल्या, "चांगली दिसती हो. पण आमची न्हाई."

त्या गेल्यावर आम्ही ते चित्र प्रथमच नीट पाहिले. मुलगी आमच्या वर्गातली, रोज डोळ्यांसमोर वावरणारी. मूळची सावळी, त्यात सकाळ-संध्याकाळ मैदानावर धावण्याचा सराव, त्यामुळे उन्हाने आणखी रापलेली. चित्रातील मुलीचा चेहरा मात्र दुधात बुडवून काढल्यासारखा होता. गळा एका रंगाचा, चेहरा दुसऱ्या रंगाचा. आणि नाकाजवळचा तीळ, जो पाहून आम्ही तिला व तिच्या धाकट्या बहिणीला दुरून वेगळे ओळखतो, तो तर साफ पुसला गेला होता. छायाचित्रकारास विचारले तेव्हा तो बिचारा गोंधळून गेला. "सर, सगळ्यांचेच उजळ करतो. केले म्हणून आजवर कोणी बोलले नाही. नाही केले तर बोलतात." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. शिवाय मुद्रिते आम्हीच तपासली होती, आणि ते पान पाहून 'यंदा छपाई झकास उतरली' असा शेराही आम्हीच दिला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आम्ही शुद्धिपत्र छापण्याचे ठरविले. मूळ छायाचित्र एका लहानशा कागदावर छापून ते अंकासोबत घरोघर पाठवावे, असा बेत होता. मुलीस बोलावून तो सांगितला. ती मान खाली घालून उभी राहिली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "सर, तोच फोटो राहू द्या ना. मी मोबाईलवर तोच लावलाय."

शुद्धिपत्र निघाले नाही. त्या दिवसापासून तो प्रश्न आमच्या मनात घोळत आहे, आणि त्याचाच हा लेख.

आमचे बालपण खडकी बाजारात गेले. आजोबा अम्युनिशन फॅक्टरीत कामास होते. १८६९ साली निघालेला तो कारखाना आजही चालू आहे, आणि त्याच्या भोंग्यावर आमच्या घरातील चहा, आंघोळी व जेवणे चालत. घरात आमची आत्या लग्नाची होती. १९७० नंतरची ती वर्षे. आत्या मॅट्रिक झालेली, हिशेबात तरबेज, गळा गोड. पण वर्ण सावळा. घरी येणारी-जाणारी मंडळी तिचे वर्णन करीत ते ठरलेल्या एकाच वाक्यात, 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस.' त्या वेळी आम्हांस ती स्तुती वाटे. त्या वाक्यातील 'पण' आम्हांस पुष्कळ उशिरा ऐकू आला.

आजोबांनी वर्तमानपत्रात विवाहविषयक जाहिरात द्यावयाचे ठरविले. जाहिरातीचा आकार शब्दांवर मोजला जाई, म्हणून रात्री कंदिलाजवळ बसून ते एक-एक शब्द तोलून लिहीत होते. त्यांनी 'सावळी' असे लिहिले. आजी म्हणाली, "पैसे मोजून कोणी आपले उणे छापून घेते का?" आत्या आतून म्हणाली, "दादा, आहे तेच लिहा. येणारे आंधळे असणार नाहीत." शेवटी 'सावळी' खोडून त्या जागी 'निमगोरी' आले. यथाकाल पाहुणे आले, पोहे खाऊन झाले, आणि त्यांतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी खिशातून वर्तमानपत्राचे कात्रण काढून, चष्मा वर सारून, अगदी शांतपणे विचारले, "जाहिरातीत निमगोरी होते, नाही का?"

वर्णाविषयी आमची मराठी फार संपन्न आहे. गोरा, गोरापान, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, आणि शेवटी काळा. वाण्याच्या दुकानात तांदळाच्या जाती मांडाव्यात तशी ही मांडणी आहे. हिच्यात 'निमकाळा' हा शब्द मात्र आम्ही कधी ऐकला नाही. अर्धे माप नेहमी गोरेपणाच्या बाजूने मोजावयाचे, असा भाषेचाच दंडक दिसतो.

प्रत्येक बघण्याच्या कार्यक्रमाआधी आत्यासाठी बाजारातून स्नोची काचेची बाटली येई. स्नो म्हणजे बर्फ. ज्या खडकीत बर्फ पाहावयाचा तर तो मासळीच्या टोपलीत किंवा रसवंतीच्या लाकडी पेटीत, तेथील मुलीने तोंडास बर्फ लावून पाहुण्यांसमोर बसावे! चैत्र-वैशाखात बघणे असले की कपाळावरून घामाचे ओघळ येत, आणि त्या ओघळांच्या वाटेने खरी आत्या दिसू लागे. पुढे तिला नोकरी लागली, विवाहही चांगला झाला. ती रिकामी बाटली तिने सासरी नेली व तीत हुक-पिना ठेवल्या, एवढे आम्हांस आठवते.

आता कोणी म्हणेल की गोरेपणाची हौस तर आजीच्या आजीपासून चालत आलेली, तीत छापखान्याचा काय दोष? हौस जुनी आहे हे कबूल. परंतु घरातील कुजबुजीला सार्वजनिक नियमाचे रूप येते ते ती छापली गेल्यावर. आजीच्या ट्रंकेत जुन्या मासिकांचा एक गठ्ठा होता आणि मे महिन्याच्या सुट्टीत तो उलथापालथा करणे हा आमचा छंद होता. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १८९५ साली काढलेले 'मनोरंजन', ज्याने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा मराठीत रुजविली. किर्लोस्करवाडीहून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' म्हणून निघालेले व पुढे 'किर्लोस्कर' झालेले मासिक. आणि त्याच घरातून ऑगस्ट १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी केवळ स्त्रियांसाठी काढलेले 'स्त्री'. या मासिकांचे ऋण मोठे आहे. स्त्रीशिक्षण, प्रौढविवाह, पुनर्विवाह यांविषयी त्यांनी धीटपणे लिहिले व पुष्कळ घरांतील खिडक्या उघडल्या. परंतु मासिक कागदावर चालते, कागद पैशावर, आणि पैसा जाहिरातीवर. म्हणून डावीकडे मुलींनी बुद्धीने थोर व्हावे असा लेख, आणि उजवीकडे तेल, साबण व स्नो यांच्या बाटल्या हातात घेतलेली हसतमुख युवती, अशी पाने समोरासमोर येत. संपादकांचे म्हणणे डाव्या पानावर असे. पण आमच्या घरात उजवे पान अधिक मन लावून पाहिले जाई. आजीला वाचता थोडके येई, चित्र मात्र पुरते दिसे.

ज्या स्नोची इतकी चलती झाली त्यांत मुंबईचे 'अफगाण स्नो' अग्रेसर होते. इब्राहिम सुलतानअली पाटनवाला यांनी ते १९१९ साली बाजारात आणले. विलायती बाटल्यांच्या गर्दीत देशी माणसाने जम बसविला याचा अभिमान वाटावयास हरकत नाही. मात्र स्वदेशी झाली ती बाटली, तिच्यातील स्वप्न तेच राहिले. १९४१ साली आपल्या मराठी अभिनेत्री लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. साबणासाठी हिंदी चित्रपटांतील तारकांनी आपला चेहरा देण्याची परंपरा आपल्याकडे तेथून सुरू झाली. त्यापूर्वी आमच्या स्त्रियांस शृंगाराचा धडा कोणी दिला म्हणाल, तर एका पुरुषाने! बालगंधर्व रंगभूमीवर शालू कसा नेसतात, अंबाडा कसा घालतात, गजरा कोठे माळतात, हे पाहून घरंदाज स्त्रिया तसाच साज करीत. नाटकाचा पडदा पडला तरी त्याचे लोण माजघरापर्यंत पोचलेले असे.

चित्रांचे म्हणाल तर आमच्या खडकी स्थानकावरून लोणावळ्याच्या गाडीत बसावे, वाटेत मळवली लागते. राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत निघाला व पुढे या मळवलीस आला. तेथून निघालेल्या रंगीत लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर जाऊन बसल्या. त्या सुंदर आहेत यात शंका नाही. परंतु लक्ष्मी गोरीच असते हे आम्हां मुलांस कोणी सांगितले नव्हते. ते आम्ही भिंतीवर वाचले होते.

सौंदर्य ही कायमची, ठरलेली वस्तू आहे असा ज्यांचा समज असेल त्यांनी दातांची गोष्ट ऐकावी. आमच्या पणजीच्या पिढीत सवाष्ण बाईचे दात काळे असणे हे भूषण होते. 'दातवण' म्हणून एक पूड असे. ती दातांस लावून ते काळे करीत. पांढरे दात घेऊन हसणारी सून त्या काळी उघडी-बोडकी वाटली असती. आज त्याच गावात पांढऱ्याहून पांढऱ्या दातांसाठी पेस्ट विकत घेतात. जपानातही विवाहित स्त्रियांचे दात काळे करण्याची मोठी परंपरा होती. १८७३ साली तेथील सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांपुढे आली, आणि पाहता पाहता ती चाल मागे पडली. दात तेच, राजदरबाराचा कल फिरला, तशी लोकांची दृष्टी फिरली.

उन्हाची गोष्ट याहून मौजेची आहे. खडकीच्या छावणीत गोऱ्या पलटणींचा मुक्काम असे त्या काळी मडमा रुंद काठाच्या टोप्या घालून, छत्री उघडून फिरत. ऊन लागून वर्ण रापला तर त्यांस अप्रतिष्ठा वाटे. १९२० नंतरच्या दशकात युरोपची रीत उलटली आणि त्याच मडमांच्या नाती समुद्रकाठी अंगास तेल चोपडून, वर्ण तांबूस व्हावा म्हणून उन्हात पडून राहू लागल्या. कारण उघड आहे. शेतात राबणाऱ्याचे अंग उन्हाने काळवंडे तोवर फिकटपणा हा श्रीमंतीचा दाखला होता. मजूर कारखान्याच्या छपराखाली गेला आणि तोही फिकट झाला, तेव्हा उन्हात लोळण्यास ज्यास सवड आहे तो श्रीमंत ठरला. आमच्याकडे राबणारा अद्याप उन्हातच आहे. रस्ता खणणारी, वीट वाहणारी, भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई सावलीत आलेली नाही, म्हणून सावलीतला रंग आमच्याकडे अजून महाग. त्यावर जातीच्या अभिमानाचाही लेप आहे, आणि तो कोणत्याही साबणाने निघत नाही.

सांप्रत या वाऱ्याची दिशा पूर्वेकडे वळली आहे. कोरिया देशातील तरुणींच्या काचेसारख्या नितळ त्वचेची कीर्ती मोबाईलवरून आमच्या नववीच्या वर्गापर्यंत आली असून, मुली तांदळाचे धुवण चेहऱ्यास लावतात असे ऐकतो. त्यांच्या आज्या ते धुवण म्हशीला पाजत. म्हशीच्या वर्णावर त्याचा काही परिणाम झाल्याचे आठवत नाही!

आमच्या घरच्या प्रसाधनांविषयी आमचे मन मात्र कठोर होत नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, गुलाबपाकळी यांच्या उटण्याचा वास आला की आम्हांस अजूनही आई हाक मारीत आहे असे वाटते. लग्नात हळद लागते तेव्हा सावळी मुलगी व गोरी मुलगी दोघीही त्या दिवसापुरत्या पिवळ्या होतात, हे आमच्या पूर्वजांचे शहाणपण म्हणावे काय? तेही पुढे नळीत भरले गेले. मुंबईत पेंढारकर घराण्याने १९५२ साली काढलेल्या विको कारखान्याची हळदीची क्रीम पुढे देशभर गेली, आणि हे औषध की प्रसाधन या प्रश्नावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षे कज्जा चालून अखेर ते आयुर्वेदीय औषध ठरले. हळदीस एवढे न्यायालय चढावे लागेल असे आमच्या आजीस स्वप्नातही वाटले नसते.

१९७५ साली 'फेअर अँड लव्हली' आली. आत्याचे लग्न तोवर झाले होते, पण तिच्या पाठच्या बहिणींच्या कपाटांत ती नळी आम्ही पाहिली आहे. तिच्या जाहिरातीत एक नवी गोष्ट होती. स्नो केवळ रूपाचे आश्वासन देई. ही नळी नोकरीचे, यशाचे व वडिलांच्या समाधानाचेही आश्वासन देऊ लागली. सावळी मुलगी हताश बसलेली, आणि गोरी झाल्यावर तिला सर्व दारे उघडलेली, ही कथा दूरदर्शनच्या पडद्यावर किती वर्षे चालली! भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ साली असे ठरविले की सावळ्या वर्णाच्या व्यक्तीस दुःखी, अनाकर्षक वा अपयशी दाखवू नये. २०२० साली त्या क्रीमच्या नावातील 'फेअर' गेले आणि 'ग्लो' आले. त्याच वर्षी एका मोठ्या विवाहजुळणी संस्थेने आपल्या संगणकावरील वर्णानुसार निवड करण्याची सोय काढून टाकली. आजोबांनी 'सावळी' खोडून 'निमगोरी' लिहिले होते; कंपनीने 'गोरे' खोडून 'तेज' लिहिले. या खोडण्यात फरक काहीच नाही असे आम्ही म्हणत नाही. शब्द गेला की त्याचा आधार जातो. परंतु आमचा छायाचित्रकार 'गोरे करतो' असे म्हणाला नव्हता, 'उजळ करतो' असेच म्हणाला होता, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

पालकांस एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण येथे हौसेचा प्रश्न संपून जिवाचा सुरू होतो. त्वचेचा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. ते निर्माण करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या व काळ्या माणसांत साधारण सारखीच असते. त्या किती व कशा प्रकारचे मेलॅनिन तयार करतात यावर वर्ण ठरतो, आणि हे द्रव्य उन्हाच्या घातक किरणांपासून अंगाचे रक्षण करते. पारा या द्रव्याच्या निर्मितीस अडथळा करतो, म्हणून लबाड उत्पादक गोरे करणाऱ्या क्रीममध्ये पारा घालतात. कायद्याने दहा लाख भागांत एका भागाहून अधिक पारा अशा क्रीममध्ये चालत नाही. अकोल्यातील एकाच घरच्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला. त्यांनी वापरलेली क्रीम मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तपासली तेव्हा तीत या मर्यादेच्या हजारो पट पारा निघाला. ती क्रीम त्यांस सौंदर्यप्रसाधन करणाऱ्या बाईकडून मिळाली होती. तेव्हा ज्या डबीवर बनविणाऱ्याचे नाव, पत्ता व घटक छापलेले नाहीत ती घरात येऊ देऊ नये. घरात आलीच असेल तर मुलीस रागे भरण्याआधी, ती तिला का आणावीशी वाटली ते स्वतःस विचारावे.

ज्येष्ठात तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम हलवून दापोडी-बोपोडीवरून पुण्याकडे जाते तेव्हा आमचे विद्यार्थी वारकऱ्यांस पाणी देण्यास रस्त्याच्या कडेला उभे राहतात. पायी चालून रापलेले ते सहस्रावधी चेहरे ज्याच्या ओढीने पंढरीस जातात तो विठोबा काळ्या पाषाणाचा आहे. त्याला कोणी 'काळा, पण नाकीडोळी नीटस' म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही. देवाच्या बाबतीत हा 'पण' आमच्या जिभेवर येत नाही, सुनेच्या बाबतीत मात्र तो हटकून येतो.

या 'पण'चा माग काढता काढता आम्ही एका अनपेक्षित ठिकाणी पोचलो. जुन्या करारात 'गीतरत्न' म्हणून एक ग्रंथ आहे. सकाळच्या प्रार्थनेस तो सहसा वाचला जात नाही, आणि का ते वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. त्याच्या पहिल्याच अध्यायात एक मुलगी आपल्या काळ्या वर्णाविषयी यरुशलेमेच्या नगरकन्यांशी बोलते. भावांनी रागाने तिला द्राक्षमळ्यांच्या राखणीस लावले आणि उन्हाने तिचा वर्ण काळवंडला, असे ती सांगते. आपला काळेपणा व आपले सौंदर्य ती एकाच वाक्यात जोडते, आणि त्यांना जोडणारे जे मूळ हिब्रू अव्यय आहे त्याचा अर्थ 'आणि' असाही होतो, 'पण' असाही होतो. जेरोमने लॅटिन भाषांतर केले तेव्हा 'पण' निवडला. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरातही 'पण'च राहिला. १९८९ च्या एका सुधारित इंग्रजी आवृत्तीत विद्वानांनी तो काढून 'आणि' घातला. त्या राखणदार मुलीला आपल्या दोन शब्दांमधील 'पण' निघून जाण्यास शतकांमागून शतके वाट पाहावी लागली. आमच्या आत्याचे आयुष्य तेवढे लांब नव्हते.

हे सर्व आम्ही त्या विद्यार्थिनीस सांगितले नाही. सोळा वर्षांच्या मुलीस हिब्रू व्याकरण सांगून काय होणार? आणि तिने तो गोरा फोटो मोबाईलवर लावला म्हणून तिला बोल लावण्याचा अधिकार ज्यांनी तो छापला त्या आम्हांस कसा असावा? आम्ही तिला एवढेच सांगितले की तिची आजी आली होती व तिला अंकात नात सापडली नाही. ती काही बोलली नाही.

यंदा ती आंतरशालेय सामन्यांत पुन्हा पहिली आली. छायाचित्र काढण्याआधी आम्ही तिला विचारले, "या वर्षी जसे निघेल तसेच छापावे काय?" तिने विचार करण्यास दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "छापा, सर. पण मला आधी दाखवा." छायाचित्रकारासही आम्ही बजावून ठेवले होते. त्याने तरीही दोनदा फोन करून 'थोडेसे तरी?' असे विचारलेच. या वर्षी कोणाचाही चेहरा उजळलेला नाही. एका दहावीच्या विद्यार्थ्याने कपाळावरील पुटकुळी काढून टाकण्याची विनंती केली, ती मात्र आम्ही मान्य केली. पुटकुळी जाणारी असते.

छापण्यापूर्वी कबूल केल्याप्रमाणे ते छायाचित्र तिला दाखविले. तिने बराच वेळ पाहिले. तीळ जागेवर आहे, चेहरा व गळा एका रंगाचे आहेत. रंगाविषयी तिने चकार शब्द काढला नाही. ती चिडली ती निराळ्याच गोष्टीवर. "सर, डोळे किती बारीक आलेत माझे! मी सांगत होते, उन्हाकडे तोंड करून उभे करू नका म्हणून."

तिचे खरे आहे. ऊन समोरून येत होते, आणि तेथे उभे राहा असे आम्हीच तिला सांगितले होते. बोपोडीस अंकाची एक प्रत आजीबाईंसाठी वेगळी पाठविली आहे.